खटका वर, पुरवठा बंद

नमस्कार श्रोतेहो.

घरातला डीबी, म्हणजे विजेच्या वाटपाची पेटी, उघडला की ओळीने बसलेले एमसीबी दिसतात, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडून पुरवठा तोडणारे छोटे ब्रेकर. पडला की वर करायचा आणि आपल्या कामाला लागायचं, याच्या पलीकडे आपला त्यांच्याशी संबंध येत नाही. एमसीबी कशासाठी असतो, पूर्वी फ्यूजची तार कशी बदलायचो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आज बोलायचंय ते त्या डबीच्या पोटात काय आहे त्याबद्दल. आपण तिला विजेची वस्तू समजतो, पण आत निम्म्याहून जास्त कारभार तरफांचा, अडकवायच्या आकड्यांचा आणि स्प्रिंगांचा आहे. आणि तो सगळा जेमतेम १८ मिलिमीटर रुंदीत बसवलेला.

कल्पना जुनी. एडिसनने १८७९ सालीच पेटंटच्या अर्जात आपोआप तुटणाऱ्या जोडणीचं वर्णन केलं होतं, पण प्रत्यक्ष दिवे लावायची वेळ आली तेव्हा त्याने फ्यूजच वापरले. आज भिंतीवर असतो तसा, उष्णता आणि चुंबक दोन्ही वापरणारा आणि पडल्यावर पुन्हा वर करता येणारा ब्रेकर आला तो १९२४ च्या पेटंटमधून. जर्मनीतल्या मानहाइमचे ह्यूगो श्टोट्झ आणि त्यांचे इंजिनिअर हाइनरिख शाख्टनर यांचं ते पेटंट.

उष्णता आणि चुंबक. आत दोन राखणदार आहेत, एक सावकाश आणि एक तापट. सावकाश म्हणजे दोन धातूंची चिकटवलेली पट्टी. तापली की एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, आणि पट्टी वाकते. पुरेशी वाकली की आकडा ढकलते. ही पट्टी घाई करत नाही. १६ अँपिअरच्या ब्रेकरमधून साधारण १८ अँपिअर तासभर वाहिले तरी त्याने पडायचं नाही आणि साधारण २३ वाहिले तर तासाच्या आत पडलंच पाहिजे, असा मानकातला नियम आहे. लोक म्हणतात ब्रेकर सुस्त आहे. अहो, वायरसुद्धा तापायला वेळ घेते, आणि ब्रेकर बसवलेला असतो तो वायरीसाठी. परत सांगतो, तो वायर वाचवायला असतो. तुमचा टीव्ही वाचवणं हे त्याचं काम नव्हे.

तापट राखणदार म्हणजे तारेचं वेटोळं आणि त्यातला लोखंडी दांडू. शॉर्ट झालं की प्रवाह एकदम शेकड्यांनी, कधी हजारांनी चढतो, वेटोळ्याचं चुंबक होतं, दांडू उसळतो आणि आकड्यावर आदळतो. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायचं.

आता गोष्ट. खरं सांगायचं तर तिच्यासाठीच हा विषय घेतला.

मी एका जुन्या वायरमनच्या हाताखाली उमेदवारी करत होतो. सगळे त्यांना मामा म्हणायचे. एका छोट्या वर्कशॉपमधून त्यांना बोलावणं आलं, कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून. तिथला प्रकार असा होता. कॉम्प्रेसरचं बटण दाबलं की कधी मोटर सुरळीत फिरायची, कधी खाडकन ब्रेकर पडायचा. कधी काय होईल याचा नेम नाही. मशीनवरचा पोरगा वर-खाली करून वैतागला. शेवटी त्याने तांब्याची तार घेतली आणि खटका वरच्या वर आवळून बांधून टाकला. म्हणाला, आता कसा पडतो ते बघतोच.

दुपारपर्यंत झकास चाललं. मग मोटर गप्प. पोरग्याने पाहिलं तर खटका वर आणि तार घट्ट. खटका वर म्हणजे पुरवठा आहे, पुरवठा असून मोटर फिरत नाही, म्हणजे मोटर जळली. बाकी तर्क चोख, फक्त पायाच कच्चा. टेस्टर लावायचं कुणाच्या मनात आलं नाही. मोटर उतरवली आणि वाइंडिंगवाल्याकडे धाडली. त्याने तपासून निरोप दिला की मोटरला काहीही झालेलं नाही. परत आणली, बसवली, पट्टा चढवला, बटण दाबलं. गप्प. आता मालक म्हणायला लागले की वाइंडिंगवाल्याला काही कळत नाही. एवढं रामायण झाल्यावर मामांना बोलावलं.

मामांनी मोटरकडे पाहिलंसुद्धा नाही. डीबीसमोर उभे राहिले, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे कुणी बांधलं?"

पोरगा म्हणाला, "मी बांधलं, मामा. सारखा पडत होता."

"मग तो पडलेलाच आहे की. तू नुसता त्याचा हात वर बांधून ठेवलायस."

मालक म्हणाले, "असं कसं मामा, खटका वर आहे ना?"

मामांनी खटक्याशेजारच्या इवल्या खिडकीवर बोट ठेवलं. "कुठला रंग दिसतोय?"

"हिरवा," पोरगा म्हणाला. "म्हणजे चालूच ना?"

इथे मामा हसले ते अजून माझ्या कानात आहे. ज्या ब्रेकरला अशी खिडकी असते त्यात लाल म्हणजे आतले कॉन्टॅक्ट, म्हणजे एकमेकांना टेकून प्रवाह जोडणारे धातूचे तुकडे, जुळलेले, पुरवठा चालू, जपून राहा. हिरवा म्हणजे तुटलेले. रस्त्यावरचा सिग्नल डोक्यात ठेवून पाहिलं की नेमकं उलटं वाटतं. पुन्हा सांगतो, लाल म्हणजे जुळलेलं, हिरवा म्हणजे तुटलेलं.

पण त्या पोरग्याला पटेना. बांधलेला खटका पडेल कसा? मामांनी आधी मेन बंद केला, टेस्टरने खात्री केली, तार सोडवली आणि तो ब्रेकर बाजूला काढला. मग पिशवीतून एक भंगारातला ब्रेकर काढला आणि ड्रिलने त्याचे रिव्हेट उडवले. दोन फाका वेगळ्या करताना एक स्प्रिंग टणकन उडून बाकाखाली गेली. ती शोधण्यात थोडा वेळ गेला, मामांनी चिमट्याने ती जागेवर अडकवली आणि पोरग्याला म्हणाले, "आता खटका वर कर आणि अंगठ्याने दाबून धर. जीव लावून धर."

त्याने धरला. आत दिसत होतं की खटका आणि कॉन्टॅक्ट हा एक तुकडा नाहीच. दोघांच्या मध्ये वाकड्या तारेचा एक दुवा, आणि त्या दुव्याला आधार देणारा एक छोटा आकडा. आकडा अडकलेला असेल तोवरच खटक्याचा जोर कॉन्टॅक्टपर्यंत पोचतो. उंदराच्या सापळ्यासारखी स्प्रिंग आधीच ताणून ठेवलेली असते, सोडायला फक्त निमित्त लागतं. मामांनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दोन धातूंची पट्टी जराशी सरकवली. टक्! खटका पोरग्याच्या अंगठ्याखाली तसाच वर, आणि कॉन्टॅक्ट बाजूला उघडा. पोरग्याने पुन्हा धरला, दोन्ही हातांनी धरला, पुन्हा तेच. मग त्याने मामांच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि स्वतःच करत बसला. मालकांनी "कामाला लाग" म्हणेपर्यंत त्याने ते सोडलं नाही.

आणि एकदा आकडा सुटला की खटका पूर्ण खाली आणल्याशिवाय तो परत अडकत नाही. पडलेला ब्रेकर आधी खाली दाबून मग वर करायचा, हे आपण सवयीने करतो, त्याचं कारण हे. तारेने बांधलेला खटका खाली येऊच शकत नव्हता, म्हणून तो पुन्हा चालूही होऊ शकत नव्हता. बांधून पोरग्याने पडणं थांबवलं नाही, फक्त परत उठणं थांबवलं. श्रोतेहो, हा मुद्दा कानात राहू द्या: खटका हाताने धरा, तारेने बांधा, पाचर मारा, आतलं सुटायचं तेव्हा सुटतंच. शॉर्ट असलेल्या सर्किटवर कुणी हट्टाने ब्रेकर वर करून दाबून ठेवला, तर त्याच्या अंगठ्याचं काही चालू नये म्हणून ही रचना आहे. आणि म्हणूनच खटका वर दिसतोय म्हणजे पुरवठा आहे, किंवा खाली आहे म्हणजे नाही, असं धरून वायरीला हात लावायचा नाही. टेस्टर लावायचा.

राहिला प्रश्न ब्रेकर मुळात पडत का होता. मामांनी काढलेला ब्रेकर उजेडात धरला. त्यावर बी १६ लिहिलं होतं. बी प्रकाराचा तापट राखणदार तीन ते पाचपट प्रवाहाला उडतो, म्हणजे १६ च्या ब्रेकरमध्ये ४८ ते ८० अँपिअरला. त्या मोटरला चालताना दहाबारा अँपिअर पुरायचे, पण सुरू होताना मोटर त्याच्या सहासात पट ओढते. म्हणजे साधारण पडण्याच्या पट्ट्यातच. त्यात एसीच्या, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहाच्या, लाटेच्या कुठल्या क्षणी बटण दाबलं जातं त्यावर पहिला झटका कमीजास्त होतो. म्हणून कधी चालायचं, कधी नाही. मामांनी वायरीची जाडी पाहिली आणि त्याच अँपिअरचा सी प्रकारचा ब्रेकर बसवला. सी पाच ते दहापटीला उडतो, म्हणजे ८० ते १६०. डी त्याहून वर, दहा ते वीसपट. अँपिअर वाढवले नाहीत, हे लक्षात घ्या. ते वाढवले असते तर वायरीचा राखणदार गेला असता.

ही अक्षरं एवढी बारीक का छापतात हे मला आजतागायत समजलेलं नाही. नावाचा शिक्का अंगठ्याएवढा आणि कामाचं अक्षर मुंगीएवढं!

त्या उघडलेल्या ब्रेकरमध्ये आणखी एक गोष्ट होती, काजळी धरलेल्या पातळ लोखंडी पट्ट्यांची चळत. कॉन्टॅक्ट उघडताना मध्ये ठिणगी उभी राहते, हजारो अंश तापलेली, आणि तिच्यातून प्रवाह वाहतच राहतो. प्रवाहाचंच चुंबकीय बळ तिला या पट्ट्यांत ढकलतं. तिचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याला वीसेक व्होल्ट खर्च करावे लागतात, आणि दहाबारा तुकडे झाले की तिला टिकून राहणं परवडत नाही. वरच्या चौकटीत ६००० लिहिलेलं असतं ना, ते हे: एवढे अँपिअर शॉर्टमध्ये आले तरी मी सुरक्षितपणे तोडीन, असा दावा. मोठा शॉर्ट झेललेल्या ब्रेकरचे कॉन्टॅक्ट खाल्लेले असतात, तो बदललेला बरा. आणि उघडून दुरुस्त करायचा नाही. दोन धातूंच्या पट्टीचा स्क्रू कारखान्यात जुळवून सील केलेला असतो, मामांनी उघडला तो भंगारातला होता.

गोष्टीने वेळ खाल्ला, त्यामुळे बाकीचं धावतं सांगतो. एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. माणसाला मारायला शंभराच्या आतले मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचे हजारावे भाग, पुरतात आणि एमसीबी मोजतो अँपिअर. त्यासाठी आरसीसीबी नावाचा वेगळा ब्रेकर, तोही घरात ३० मिलिअँपिअरचा. तो जाणारा आणि परत येणारा प्रवाह सारखा आहे का ते पाहतो. त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबा, नाही पडला तर बदला. सैल स्क्रूमुळे तापणारं टर्मिनल या दोघांनाही कळत नाही, ते वायरमनलाच दाखवावं लागतं.

आणि ज्यांच्या छपरावर सोलर आहे त्यांच्यासाठी शेवटचं. ५० हर्ट्झचा एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, ठिणगी विझायला ती संधी असते. डीसीत, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहात, ती संधी नाही, आणि सोलरच्या पॅनेलमधून डीसीच येतो, म्हणून तिथे एसीचा ब्रेकर चालत नाही, डीसीचाच लागतो. डीसीच्या काही ब्रेकरमध्ये ठिणगी त्या लोखंडी पट्ट्यांकडे ढकलायला कायमचं चुंबक असतं. अशा ब्रेकरवर अधिक-उणेच्या खुणा असतात. वायर उलटी जोडली तर ते चुंबक ठिणगीला उलट्या बाजूला फेकतं आणि ब्रेकर आतून जळतो. जोडण्याआधी त्या खुणा पाहून घ्या. नमस्कार.