कुंभारणीचं घर आणि बारा किलोची करवत

श्रोतेहो, नमस्कार.

ती करवत मला मिळाली तेव्हा तिच्या सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं होतं. फोंड्याच्या एका भंगारवाल्याकडे, गंजक्या पत्र्यांच्या ढिगाखाली ती पडली होती. करवत म्हणजे हातकरवत नव्हे, पेट्रोलवर चालणारा चेनसॉ. आपल्याकडे त्याला सगळे कटरच म्हणतात. पाटीवरची तांबडी धूळ ओल्या फडक्याने पुसली तर अक्षरं दिसली: स्टील, कॉन्ट्रा. आता हे स्टील म्हणजे पोलाद नव्हे, आडनाव आहे. आंद्रेआस स्टील या जर्मन गृहस्थाने १९२६ साली कारखाना काढला, आणि कॉन्ट्रा बाजारात आली १९५९ साली. गिअर काढून टाकून इंजिनाचा जोर क्लचमधून थेट चेनला दिला, ही तिची करामत. वजन बारा किलोच्या आसपास. त्या काळी ही हलकी समजत!

घरी आणली, तर दोरी ओढता येईना. पिस्टन जाम. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑईल ओतलं आणि आठ दिवस तिच्याकडे पाहिलंही नाही. अशा वेळी हातोडी उचलणारे मेस्त, म्हणजे मिस्त्री, मी खूप पाहिलेत, आणि त्यांनी फोडलेले पिस्टनही. नवव्या दिवशी फ्लायव्हील हाताने हलवलं, आधी नखाएवढं, मग बोटभर, मग पूर्ण फिरलं.

अंगावर पांढरी भुकटी धरली होती. आपला खारा वारा मॅग्नेशियमच्या बॉडीला असाच खातो. शेजारच्या काकी म्हणाल्या, "आमसोल लाव रे, तांब्याचा हंडा बघ कसा लखलखतो." हंडा लखलखतो, खरं आहे. पण आंबट लागलं की मॅग्नेशियम विरघळायला लागतं. ग्राइंडरही लावायचा नाही, कारण मॅग्नेशियमची बारीक पूड पेट घेते. मग काय, दात घासायचा जुना ब्रश, रॉकेल आणि दोन रविवार.

ठिणगी नव्हती. जुन्या लॅम्ब्रेटावाल्यांना सांगायला नको, दोष पॉइंटमध्ये होता, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या दोन टिकल्यांमध्ये. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी फट, आणि त्या फटीत पावसाळ्यांचा काळा थर. पॉलिश पेपरची पट्टी दोनदा ओढली, मग कोरा कागद ओढला. तो स्वच्छ बाहेर येईपर्यंत ओढत राहिलो. कंडेन्सर बदलला. कार्बोरेटरमधला रबरी पडदा पापडासारखा कडक झाला होता, तोही नवा घातला. एक लिटर पेट्रोलला चाळीस मिली टू-स्ट्रोक ऑईल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही आणि ओलही धरून ठेवतं. म्हणून काम झालं की टाकी रिकामी करायची.

आणि चेन. तिचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे वळलेले असतात. ही कल्पना एका अळीची. १९४६ साली अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या ओंडक्यातली अळी पाहत बसला. ती डावा-उजवा जबडा चालवत लाकूड आडवं-उभं सारखंच पोखरत होती. आंब्याच्या खोडात आपल्याला छळतं ते भिरूड तिच्याच कुळातलं! मी साडेपाच मिलिमीटरची गोल कानस घेऊन एकेक दात घासला. पुरी संध्याकाळ गेली.

मग विकायची वेळ आली. पहिलं गिऱ्हाईक सांगे बाजूचं. "मेस्त, आंबो कापतली मगे?" मी म्हटलं, कापेल, पण हिला चेन ब्रेक नाही. ती सोय सत्तरच्या दशकात आली. चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीचं टोक लाकडाला लागलं तर ही उसळून तोंडावर येईल आणि थांबणार नाही. शिवाय गोव्यात झाड पाडायला १९८४च्या कायद्याने परवानगी लागते. (आपल्या माडाला तर २०१६ मध्ये 'झाड' या व्याख्येतूनच वगळलं होतं, पुढे परत घेतलं!) तो हिरमुसला. वाटलं, जास्त बोललो. तरी नाही दिली.

दुसरा आला कळंगुटहून, रेस्टॉरंटवाला. मी रीतसर चाचणी दाखवली. दोरीच्या मुठीला धरून करवत अधांतरी टांगली. कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, चांगलं असेल तर ती धपकन पडत नाही, अडखळत, दमादमाने खाली येते. आली तशी. मग चालू करून दाखवली, दोन गल्ल्यांतली कुत्री भुंकायला लागली. तो म्हणाला, "काका, मस्त! भिंतीवर लावणार, जाळ्याच्या शेजारी."

भिंतीवर! पॉइंट कशाला घासले मी? पण त्याने मागितले तेवढे पैसे दिले, आणि भिंतीवरून कुणाच्या तोंडावर उसळायची भीती नाही. मी टाकी रिकामी केली, का तेही सांगितलं. त्यावर तो चेनकडे बघून म्हणाला, "ही फारच चकचकीत दिसते. भंगारातली गंजकी नाही का एखादी?"

होती. दिली.

धार लावलेली माझ्या खिळ्यावर तेल पिऊन लटकते आहे. ०.४०४ इंच पिचची, म्हणजे कड्यांच्या मापाची. कुणाच्या कटरला बसत असेल तर बघा.

नमस्कार.