घरातला रोजचा एक फोटो

मंडळी, नमस्कार.

आज मला बोलावलंय ते माझ्या एका सवयीबद्दल बोलायला. मी रोज घरातला एक फोटो काढते. एकच. याला आता ५ वर्षं आणि ४ महिने झाले. सुरुवात केली तेव्हा मी ६३ वर्षांची होते, नातू ६ वर्षांचा आणि नात ३ वर्षांची. आज सगळे मिळून १८०० च्या आसपास फोटो आहेत, आणि प्रत्येकाबरोबर वहीत एक ओळ आहे.

हे सुरू झालं आई गेल्यावर. आम्ही भावंडं तिचे फोटो शोधायला बसलो. दोन पेट्या भरून फोटो निघाले. आई सगळ्यांत होती, पण सगळ्यांत उभी होती. नीट कपडे, हात दोन्ही बाजूंना, नजर कॅमेऱ्याकडे. कुठला ना कुठला समारंभ. आमची आई अशी नव्हतीच हो. ती दिवसातले चौदा तास काही ना काही करत असायची. बसली तरी एक पाय दुमडून बसायची, बोलताना हाताची बोटं चोळायची. त्यातलं एकही कुठे नव्हतं. शेवटी बहिणीला एक फोटो सापडला. तो आईचा नव्हताच, कुणाच्या तरी बाळाचा होता. पण बाळाच्या मागे, जरा धूसर, आई वाकून जमिनीवरचं काहीतरी उचलतेय. एक हात गुडघ्यावर टेकलेला. तो फोटो हातात आला आणि आम्ही चौघंही रडलो. दोन पेट्यांमधला तेवढा एकच फोटो होता ज्यात आमची आई सापडली, आणि तो चुकून निघालेला होता.

त्या रात्री मी ठरवलं की आमच्या घरात हे चुकून व्हायला नको.

आता कुणी म्हणेल, हल्ली सगळेच फोटो काढतात, दिवसाला पन्नास. खरं आहे. पण पन्नास काढणं आणि एक काढणं यांत फार अंतर आहे. एकच काढायचा म्हटलं की सकाळपासून डोळे उघडे ठेवावे लागतात. दुपारी काहीतरी दिसतं आणि मनात येतं, हाच का? की संध्याकाळी याहून बरं काही दिसेल? मी बहुतेक वेळा थांबत नाही, पण तो प्रश्न मनात येणं हेच मोठं काम आहे. लिंडा हेन्केल नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं तर ज्यांचे फोटो काढले होते त्या वस्तू कमी आठवत होत्या. कॅमेऱ्याने बघितलं ना, मग आपण कशाला बघा, असं मन ठरवून टाकतं. पण त्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. ज्यांना वस्तूच्या एखाद्याच भागावर कॅमेरा जवळ आणून फोटो काढायला सांगितलं होतं, त्यांची आठवण शाबूत राहिली. अगदी चौकटीत न आलेल्या भागाचीही. म्हणजे कॅमेरा हातात असल्याने बिघडत नाही, न बघता बटण दाबल्याने बिघडतं. मी हे वाचलं तेव्हा माझी दोन वर्षं झालेली होती आणि मला ते हाडामांसात पटलं. मी पूर्ण खोलीचे फोटो क्वचित काढते. हात काढते, पाठ काढते, टेबलाचा कोपरा काढते, आणि खोली मला सगळी आठवते.

आणि घर हा काही फोटोग्राफीचा दुय्यम विषय नाही, हे मी आवर्जून सांगते. निसर्ग, युद्ध, थोर माणसं हे मोठे विषय आणि घरातलं ते आपलं उगीच, असं फार जणांना वाटतं. पण जगातला आज टिकून असलेला सगळ्यात जुना, कॅमेऱ्याने काढलेला फोटो कशाचा आहे? फ्रान्समधल्या नीसफोर निएप्स या संशोधकांनी १८२६ किंवा १८२७ मध्ये स्वतःच्या घराच्या वरच्या खिडकीतून काढलेला. समोर छपरं, भिंती, झाड. पत्र्यावर चित्र उमटायला इतके तास लागले की ऊन इमारतींच्या दोन्ही बाजूंना पडलेलं दिसतं. इंग्लंडमध्ये टॅलबट या संशोधकांनी १८३५ मध्ये काढलेली, आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी निगेटिव्हही त्यांच्या राहत्या घरातल्या खिडकीचीच. पोस्टाच्या तिकिटाएवढी. जाळीदार खिडकी आहे, आणि नवी असताना भिंगातून बघितलं तर काचेचे दोनशेच्या आसपास चौकोन मोजता यायचे असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे ही कला जन्मली ती घरात, खिडकीशी.

फोटो काढणाऱ्या बायकांपैकी मला जवळची वाटते ती ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म कलकत्त्याचा, १८१५ चा. १८६३ च्या शेवटी लेक-जावयाने तिला कॅमेरा भेट दिला तेव्हा ती ४८ वर्षांची होती. त्या काळच्या हिशेबाने आयुष्य उरकत आलेलं. तिने कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि कोळशाच्या खोलीची डार्करूम, म्हणजे फोटो धुवायची अंधारी खोली. पुढच्या महिन्यात, जानेवारी १८६४ मध्ये, एका शेजारच्या लहान मुलीचा फोटो काढला आणि त्यालाच आपलं पहिलं यश म्हटलं. पुढे तिने आपल्या झोपलेल्या नातवालाही काढलं. लोक तिच्या धूसर फोटोंना नावं ठेवायचे. आज तेच फोटो संग्रहालयांत आहेत. आणि जपानमधल्या किमिको निशिमोतो यांनी तर ७२ व्या वर्षी, मुलाच्याच वर्गात बसून कॅमेरा शिकायला घेतला. तेव्हा वयाचं कारण इथे कुणी सांगू नये.

काढायचं काय, हे मला सगळे विचारतात. जे उद्याही होणार आहे असं वाटतं, ते काढा. रोज होतं म्हणून कुणी काढत नाही, आणि बंद कधी पडलं ते कळतही नाही. आमच्याकडे चादरींच्या घड्या दोघं मिळून घालायची पद्धत होती. सून एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये नात चादरीखालून पळायची. मी तो फोटो तिसऱ्या महिन्यात काढला. वर्षभराने ती पळायची थांबली. कुणी तिला थांब म्हटलं नाही. ती मोठी झाली, एवढंच.

एक फोटो जरा सविस्तर सांगते. आमचे हे शर्टाचं बटण स्वतः लावतात, पहिल्यापासून. सुईत दोरा ओवायला खिडकीशी जातात. चष्मा कपाळावर चढवतात, सुई उजेडाकडे धरतात, डावा डोळा मिटतात. दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करून पीळ देतात. आणि त्या क्षणी श्वास रोखतात. ४० वर्षं मी हे बघत होते, पण श्वास रोखतात हे मला फोटो काढताना कळलं. तोंड मिटलेलं, खांदे जरासे वर गेलेले. उजेड एका बाजूने येत होता, त्यामुळे गालाची अर्धी बाजू उजळ आणि अर्धी अंधारात. सुई फोटोत दिसतच नाही, फक्त दोन चिमटी आणि मधली जागा दिसते. हा माझा सगळ्यात आवडता फोटो आहे.

उजेडाचं तेवढं लक्षात ठेवा. खिडकीशी, खिडकीला पाठ न करता, माणूस बाजूने उभा राहिला की चेहऱ्याला उठाव येतो. दिवसा खोलीतला दिवा बंद करा. दिव्याचा उजेड पिवळट, आकाशाचा निळसर, दोन्ही एकत्र आले की एकाच चेहऱ्याचे दोन रंग होतात. फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, बऱ्याच फोनमध्ये शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते जरा खाली ओढा, म्हणजे फोटोतला उजेड कमी होतो. लहान मुलांचे फोटो काढायचे तर जमिनीवर बसा, नाहीतर सगळी मुलं वरूनच दिसतात, नुसती डोकी. आणि फोटो काढण्याआधी भिंग पुसा. बोटांचा तेलकटपणा भिंगावर असतो आणि लोक म्हणतात फोन जुना झाला.

आता नातवाबद्दल. तो १० वर्षांचा झाला आणि एका सकाळी म्हणाला, “आजी, माझे फोटो नको काढूस.” मला लागलं. मी विचारलं, “का रे?” म्हणाला, “तू बघत असतेस.” त्याला याहून नीट सांगता आलं नाही, पण मला समजलं. बघितलं जाणं सगळ्यांनाच, सगळ्या वयांत आवडतं असं नाही. आमच्या घरात नियम आहे, नको म्हटलं की नको, आणि कुणाचाही फोटो त्याला विचारल्याशिवाय घराबाहेर पाठवायचा नाही. तान्ह्या मुलाला विचारता येत नाही, म्हणून त्याचा तर मुळीच नाही. मग मी काय केलं, तर त्याचे बूट काढायला लागले. दाराशी काढून टाकलेले, एक उलटा, एक सुलटा. फोटो दाखवून त्यालाच विचारलं, “हे चालेल?” तो बूट बघून हसला. म्हणाला, “बुटांचं चालेल.” आठ महिने तो माझ्या वहीत बुटांच्या रूपाने आहे. दुसऱ्या जोडाची नाडी तुटलेली, मग तिसरा जोड, एक मापाने मोठा. निकोलस निक्सन या अमेरिकन फोटोग्राफरने १९७५ पासून दरवर्षी आपल्या बायकोचा आणि तिच्या तीन बहिणींचा एकत्र फोटो काढला, चौघी नेहमी त्याच क्रमाने उभ्या. ते फोटो ओळीने बघताना काळ कसा सरकतो ते दिसतं. मला वाटतं, बुटांतही ते दिसतं. गेल्या महिन्यात नातू स्वतःहून आला आणि म्हणाला, आज माझा काढ. मी का म्हणून विचारलं नाही.

एक नुकसान सांगते, म्हणजे तुमचं होणार नाही. दुसऱ्या वर्षी माझा फोन पाण्यात पडला. ११ आठवड्यांचे फोटो गेले. मी ते फक्त फोनमध्येच ठेवले होते. त्यानंतर जाणकारांचा नियम पाळते. तीन प्रती, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. माझी तिसरी प्रत बहिणीकडे असते. घरच्यांना निरोपाच्या ॲपवरून पाठवलेला फोटो ही प्रत धरू नका. तो बहुधा दाबून लहान केलेला असतो आणि फोटोत लपलेली तारीख-वेळही अनेकदा गळून गेलेली असते. महिन्यातून चार फोटो मी कागदावर छापून घेते. मागे मऊ पेन्सिलने, कडेला, न दाबता नाव आणि तारीख लिहिते. बॉलपेनचा दाब पुढून दिसतो. चिकट पानांचे अल्बम टाळा, त्यांचा गोंद पिवळा पडतो आणि फोटो सुटत नाहीत.

पण त्या ११ आठवड्यांचं सगळं गेलं असं नाही. वही होती. वहीत मी ‘छान दिवस’ असं कधी लिहीत नाही. काय झालं ते लिहिते. ‘नात दोन जिने एका दमात चढली.’ ‘सून फोनवर मोठ्याने हसली, कारण सांगितलं नाही.’ ‘ऊन आज कपाटापर्यंत आलं.’ या ओळी वाचल्या की गेलेले फोटो डोळ्यांपुढे येतात. आईच्या पेट्यांतल्या फोटोंच्या मागे काहीच नव्हतं. त्यांतल्या निम्म्या माणसांना आता कुणीच ओळखत नाही, ओळखणारी शेवटची आई होती. म्हणून मी म्हणते, एखाद्या दिवशी फोटो राहिला तर राहू द्या, ओळ लिहा.

माझेही राहिलेत, ४७ दिवस. आजारपण, प्रवास, भांडण. त्यातला शेवटचा मागच्या आठवड्यातला. ह्यांचं बटण तुटलं होतं. नेहमीसारखे खिडकीशी गेले, चष्मा कपाळावर चढवला. मी दारात उभी होते, फोन हातात होता. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा दोरा पुन्हा बाजूने गेला. हात थरथरत होता. हे वळले, माझ्याकडे आले आणि सुई-दोरा माझ्यापुढे धरला. मी फोन खाली ठेवला. दोरा ओवताना मीही श्वास रोखला होता.

त्या दिवसाच्या पानावर फोटो नाही. ओळ आहे. ‘आज सुई ह्यांनी माझ्याकडे दिली.’