स्वेलडेल : हातांनी रचलेली दरी

(ड्रोन. सकाळचं धुकं, खाली हिरवी दरी, उतारावर भिंतींच्या रेषा.)

ही दरी आधी वरून बघून घ्या. मधे ती चकाकणारी रेघ आहे ती स्वेल नदी, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या उतारांवर जे करडं जाळं पसरलंय ना, ते सगळे गडगे आहेत. हो, गडगेच. कोकणात आपण जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचून, मधे चुना नाही सिमेंट नाही, वाडीभोवती जो गडगा घालतो तोच प्रकार, फक्त इथे तो घराभोवती थांबत नाही, सरळ डोंगराच्या माथ्यापर्यंत चढत जातो. हे इंग्लंडच्या उत्तरेचं यॉर्कशायर डेल्स नॅशनल पार्क, 1954 साली झालेलं, आणि या एका पार्कात असे गडगे मोजले तर 5,000 मैलांच्या वर भरतात. मी लीड्समध्ये राहते, इथून गाडीने दोनेक तास, आणि पहिल्यांदा आले तेव्हा सगळ्यांसारखीच म्हणाले की काय निसर्ग आहे. नंतर कळलं की यातलं डोळ्यात भरणारं जवळपास सगळं माणसाने हाताने केलेलं आहे, आणि अजून करतोय.

(केल्ड गावाची पाटी, मग धबधबा.)

दरीच्या वरच्या टोकाला केल्ड. केल्ड म्हणजे झरा. हा शब्द इंग्रजीचा नाही, 1,000 वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून नॉर्स, म्हणजे मूळचे स्कॅन्डिनेव्हियाचे लोक आले त्यांचा आहे. पुढचं गाव थ्वेट, म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जागा. त्याच्या पुढे गनरसाइड, गुन्नर नावाच्या कुणा माणसाचं उन्हाळी कुरण. तो गुन्नर कोण होता ते कुणालाच माहीत नाही पण त्याच्या गुरांची जागा नकाशावर अजून आहे. ओढ्याला इथे बेक म्हणतात, घळीला गिल, डोंगराला फेल, आणि धबधब्याला फोर्स, तेही सगळं त्यांचंच. हा किस्डन फोर्स.

(धबधबा. वीस सेकंद निवेदन नाही, फक्त पाण्याचा आवाज.)

(म्यूकरची कुरणं. फुलं जवळून. वारा.)

म्यूकर. जून संपत आलाय. या फुलांसाठी लोक लांबून लांबून येतात, आणि कुरणातून जाणारी वाट बघा, एका माणसापुरती, दगडी फरश्या टाकलेली, कारण पाटीवर लिहिलंय की एकामागून एक चाला, गवत तुडवू नका. आपल्याला वाटतं गवत तर आहे, तुडवलं तर काय झालं, पण हे गवत म्हणजे इथलं पीक आहे. हिवाळाभर गुरांना घालायची वैरण हीच. मे महिन्यात मेंढरं या कुरणांतून काढून वर माळावर नेतात, फाटकं बंद करतात, आणि मग जुलैच्या मध्यापर्यंत इथे कुणी शिरायचं नाही. तेवढ्या वेळात हे सगळं उगवतं, फुलतं, आणि मुख्य म्हणजे बी धरतं. आधी कापलं तर बी पडणार नाही आणि पुढच्या वर्षी फूल नाही, इतका साधा हिशोब आहे.

हे जांभळं फूल रानटी जिरॅनियम, याला इथे वुड क्रेन्सबिल म्हणतात. हे गडद तांबडं, बोंडासारखं, ग्रेट बर्नेट. आणि हे पिवळं दिसायला साधंच पण या सगळ्या खेळाचा सूत्रधार तेच आहे. यलो रॅटल. हे स्वतःचं सगळं अन्न स्वतः करत नाही, याची मुळं जमिनीखाली गवताच्या मुळांना चिकटतात आणि त्यांच्यातला रस ओढतात, त्यामुळे गवत माजत नाही, आणि गवत माजलं नाही की बाकीच्या नाजूक फुलांना ऊन मिळतं, जागा मिळते. बिया तयार झाल्या की वाळलेल्या बोंडात खुळखुळतात. हा आवाज ऐका.

(खुळखुळ. हात बोंड हलवतोय.)

हा ऐकू आला की शेतकऱ्याने समजायचं, कापणीची वेळ झाली.

कापलं की पसरायचं, उलटायचं, परत उलटायचं, पाऊस आला की शिव्या घालायच्या, ऊन आलं की परत पसरायचं. तीनचार कोरडे दिवस सलग मिळणं ही इथे लॉटरीच आहे. आणि मग ही वैरण जायची कुठे, तर या गोठ्यांत.

(गोठे. एकामागून एक, प्रत्येक कुरणाच्या कडेला एक.)

मला या दरीत सगळ्यात जास्त आवडतात ते हे गोठे. घराजवळ एक मोठा गोठा बांधायचा सोडून यांनी शेताशेतात एकेक छोटा बांधला, जवळजवळ प्रत्येक कुरणाला त्याचा स्वतःचा. इथल्या बोलीत काउहाउसचं काउअस झालंय. आत या. खाली चारपाच गाई उभ्या राहतील एवढी जागा, मधे उभ्या फरश्यांच्या आडभिंती, बाजूला आणि वर माळ्यावर वैरण. ही जी भिंतीत वर चौकोनी खिडकी दिसतेय ती खिडकी नाही, गाडीवरून वैरण आत फेकायचं भोक आहे. आता कल्पना बघा किती सरळ आहे. कुरणातलं गवत त्याच कुरणाच्या गोठ्यात, नोव्हेंबर ते मे गाई आतच, त्यांना तेच गवत, त्यांचं शेण त्याच दारातून बाहेर काढून त्याच कुरणात पसरायचं, आणि त्यावर पुन्हा तेच गवत. कशाचीही लांब वाहतूक नाही. जे काय चालायचं ते माणसाने चालायचं, आणि तो चालायचा, थंडीत बर्फात दिवसातून दोनदा एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात, चारा घालायला, दूध काढायला, पाठीला दुधाचा पत्र्याचा कॅन बांधून. हा तो कॅन. पाठीच्या आकाराचा केलाय बघा, एका बाजूने चपटा.

1989 मध्ये स्वेलडेलचे हे गोठे आणि गडगे मिळून संरक्षित क्षेत्र जाहीर झालं. आता गाई मोठ्या शेडमध्ये असतात आणि गवत काळ्या प्लॅस्टिकच्या गोळ्यांत गुंडाळलेलं असतं, त्यामुळे अनेक गोठ्यांचं काम संपलंय, काहींची छपरं गेलीत. आणि फुलांच्या कुरणांचं म्हणाल तर 1930 च्या दशकापासून इंग्लंड आणि वेल्समधली 97 टक्के गेली.

(छप्पर पडलेला गोठा. आत उगवलेलं झाड. शांत.)

(पूल. खालून पाणी.)

आयव्हलेटचा पूल. एकच कमान, मांजर पाठ वर करतं तशी. पुलाच्या टोकाशी हा सपाट दगड आहे तो बसायला नाही. जुन्या काळी वरच्या गावात कुणी गेलं तर पुरायला थेट खाली ग्रिंटनच्या चर्चपर्यंत न्यावं लागायचं, दोन दिवसांची वाट, लाकडी पेटी जड म्हणून वेताची पेटी करायचे, आणि खांदेकरी दमले की ती या दगडावर टेकवायचे. 1580 मध्ये म्यूकरला चर्च झालं तेव्हा ही पायपीट संपली. वाट आहे अजून. आज लोक तिच्यावर सुट्टीत सॅक लावून चालतात.

(गनरसाइड गिल. उघडे, खरवडलेले उतार.)

हे मात्र वेगळं. हा उतार असा ओरबाडल्यासारखा का दिसतो, तर खाली शिसं होतं. डोंगराच्या माथ्यावर मातीचा बांध घालायचा, पाणी साठवायचं, आणि एकदम फोडायचा. पाण्याचा लोंढा माती दगड झाडं सगळं घेऊन खाली, आणि मागे उघडी पडलेली खडकातली शिशाची शीर. याला हश म्हणायचे. वरून बघितलं की डोंगराला नांगराने चिरल्यासारखं दिसतं. खाणीतले लोक चालता चालता मोजे विणायचे, बायकाच नाही पुरुषही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाहेरून स्वस्त शिसं आलं, खाणी बसल्या, आणि अर्धी दरी लँकेशायरच्या सूतगिरण्यांत, डरहॅमच्या कोळशाच्या खाणींत आणि अमेरिकेला निघून गेली.

हे क्रॅकपॉट हॉल. कावळ्यांची खोल कपार असा त्या नावाचा अर्थ. खालच्या खाणींमुळे जमीन खचली आणि 1950 च्या दशकात शेवटचे लोक घर सोडून गेले. खिडकीतून हे दिसतं.

(खिडकीच्या चौकटीतून दरी. निवेदन नाही.)

(पडलेली भिंत. दगडांचा ढीग. दोन माणसं, एक कुत्रा.)

आता आपण ज्यासाठी आलो ते. गनरसाइडच्या वरच्या अंगाला हा गडगा पडलाय, चारेक मीटरची खिंड झालीय, इथे तिला नुसतं गॅप म्हणतात. सोबत आहेत एक काका, वय सत्तरीच्या पुढे, आणि त्यांचा नातू. कॅमेऱ्यापुढे नाव नको म्हणाले.

पहिलं काम बांधायचं नाही, उकलायचं. पडलेले दगड बाजूला काढतात आणि जातीप्रमाणे मांडून ठेवतात, माथ्याचे सगळ्यात लांब, मग मधले, पायाचे सगळ्यात जवळ, आणि कपच्यांचा ढीग वेगळा. अर्धा दिवस यातच जातो आणि बघणाऱ्याला वाटतं काहीच झालं नाही. मग चर, घट्ट माती लागेपर्यंत, त्यात सगळ्यात थोराड दगड. आणि आता नीट बघा, कारण लांबून जी एक भिंत दिसते ती खरं म्हणजे दोन भिंती आहेत. दोन्ही बाजूंना एकेक तोंड, आणि मधल्या पोकळीत या कपच्या. कपच्या ओतायच्या नाहीत, हाताने एकेक बसवायची, कारण भिंत आतून पोकळ राहिली की काही वर्षांनी पोट काढते. दगडाची लांबी भिंतीच्या आत जायला हवी, बाहेर दाखवायची नाही. नवा माणूस नेमकं उलटं करतो, छान लांब तोंड बाहेर ठेवतो, दिसायला सुंदर आणि पहिल्या पावसाळी हिवाळ्यात खाली. एका दगडावर दोन, दोनांवर एक, सांध्यावर सांधा कधी येऊ द्यायचा नाही. दोऱ्या बांधल्यात त्या सरळ रेषेसाठी, आणि लाकडी चौकट आहे ती उतारासाठी, कारण भिंत पायाशी रुंद आणि वर अरुंद, दोन्ही तोंडं एकमेकांवर रेलून उभी राहतात.

गुडघ्याच्या वर आल्यावर हे आरपार दगड, दोन्ही तोंडांना एकत्र बांधणारे. दोन्हीकडून थोडे बाहेर डोकावतात. दूरवरच्या भिंतींवर आडवी ठिपक्यांची ओळ दिसते ना, ती यांचीच. वर परत एकदा. आणि शेवटी माथ्यावर उभे दगड, पुस्तकं लावल्यासारखे, एकमेकांना घट्ट.

मीटरभर भिंतीला टनभर दगड सहज लागतो. कसलेला माणूस दिवसाला तीनेक मीटर करतो. काकांचा हात बघा, दगड उचलला की परत खाली ठेवत नाहीत, हातात फिरवतात, एकदा, दोनदा, आणि तो बसतोच. नातू चार वेळा ठेवून बघतो. काका बोलत नाहीत काही.

(हात. दगड. हात. टक् असा आवाज. पूर्ण मिनिट.)

सिमेंट का नाही, हे सगळेच विचारतात, मीही विचारलं. अहो वारा आत शिरून पार होतो म्हणून भिंत उभी राहते, पाणी झिरपून जातं, आणि थंडीत जमीन फुगली की दगड थोडे हलतात आणि परत बसतात. सिमेंटची असती तर तडकली असती. या दरीतल्या कितीतरी भिंती दीडदोनशे वर्षांच्या आहेत, वरच्या माळावरच्या त्या सरळ रेघा मारल्यासारख्या भिंती साधारण 1750 ते 1850 च्या काळातल्या, गायरानं कायद्याने वाटून बंदिस्त केली तेव्हाच्या, आणि तेव्हा ज्यांची सामाईक चराई गेली ते गरीब लोक बहुतेक त्याच भिंती बांधायला मजुरीवर होते. जुलै 2019 मध्ये इथे ढगफुटीसारखा पाऊस झाला, पूल वाहून गेले, भिंती आडव्या झाल्या, काही अजून तशाच आहेत.

(भिंत पूर्ण होतेय. खाली चौकोनी भोक.)

हे भोक चुकून राहिलेलं नाही. वर जाड आडवा दगड टाकून मुद्दाम ठेवलंय, हॉगहोल, मेंढरांना एका रानातून दुसऱ्यात जायला. बंद करायचं असेल तर एक फरशी लावायची. मेंढरं म्हणजे ही, काळं तोंड, पांढरं नाक, नर मादी दोघांना शिंगं, यांचं नावच स्वेलडेल, आणि पार्कच्या बोधचिन्हावर याच जातीचा मेंढा आहे. वरच्या माळाला सगळीकडे कुंपण नाही तरी ती हरवत नाहीत, प्रत्येक कळपाला आपली हद्द माहीत असते, आई कोकराला दाखवते, कोकरू पुढे त्याच्या कोकराला.

आणि मोजायची इथली जुनी पद्धत आहे. वन टू थ्री नाही. भाषातज्ज्ञ तिचं नातं वेल्सच्या भाषेशी जोडतात, आणि शाळेत कुणी शिकवत नाही तरी टिकलीय. काकांनी कुत्र्याला शीळ घातली, नातवाने फरशी सरकवली, पहिली मेंढी भोकातून डोकं काढून उभी राहिली, नव्या भिंतीचा वास घेतला, आणि उतरली. मागून बाकीच्या.

(काकांचा आवाज, वाऱ्यात.)

यान. टॅन. टेदर. मेदर. पिप.