गिटार कुठंय?

[दृश्य: रिकामं नाट्यगृह, दुपारचे साडेचार. स्टेजभर वायरी पसरलेल्या.]

कार्यक्रम साडेआठचा. खुर्च्या रिकाम्या, एसी बंद. डाव्या विंगेपाशी मी उकिडवा बसून एका काळ्या पेटीच्या स्क्रीनवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसतोय. आमच्या ऑर्केस्ट्रात हिला सगळे अजून 'प्रोसेसर'च म्हणतात. खरं नाव डिजिटल ॲम्प मॉडेलर, म्हणजे गिटारच्या ॲम्पची डिजिटल नक्कल. व्हॉल्व्हचा ॲम्प, त्याचा स्पीकर आणि त्या स्पीकरसमोर लावलेला माइक, तिन्ही आत गणितात मांडून ठेवलेले.

आज अठ्ठावीस गाणी आहेत. एकात आर. डी. बर्मनच्या जमान्यातली खणखणीत ऱ्हिदम, पुढच्यात वाह-वाह पेडलचा 'वाँव-वाँव' आवाज, मग दोन लावण्या, तिथे गिटारने गपच बसायचं असतं, आणि शेवटी हल्लीच्या सिनेमातलं फाटकं डिस्टॉर्शन. एवढ्यासाठी चार ॲम्प कोण वाहून नेणार? आमच्या टेम्पोत ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्ड भरल्यावर मलाच मागे बसायची मारामार.

ही कल्पना काही आजची नाही. लाइन सिक्स कंपनीने 1996 साली डिजिटल मॉडेलिंगचा ॲम्प काढला आणि 1998 मध्ये पॉड नावाची लाल, राजम्याच्या दाण्यासारखी डबी. पुढे 2006 मध्ये ॲक्स-एफएक्स हा मॉडेलर आला, 2015 मध्ये हेलिक्स. यंत्रं सुधारत गेली. माझा टोन मात्र बरीच वर्षं होता तिथेच होता, आणि दोष मी यंत्राला देत होतो.

[दृश्य: रात्रीची खोली. टेबललॅम्प, हेडफोन.]

मैदानावरच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाआधी मी महिनाभर पॅच, म्हणजे पेटीत साठवून ठेवायचे तयार टोन, बनवले. रात्री अकरानंतर, घरचे झोपले की, हेडफोन लावून. काय आवाज होता! खाली भरदार खर्ज, वर चकचकीत धार, मागे लांबलचक रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. एकट्यानेच खूश होऊन झोपायचो.

मैदानात पहिला पीस वाजवला आणि बाटलीत माशी कोंडल्यासारखा आवाज आला. साउंडवाल्या दादांनी टॉकबॅकवरून विचारलं, "गिटार कुठंय?" मी म्हटलं, "वाजवतोय की, फेडर वर घ्या." त्यांनी मिक्सरवरची ती आवाजाची पट्टी वर सरकवली. मग म्हणाले, "आवाज आला रे. गिटार नाही आली."

हे वाक्य मला तेव्हा झोंबलं. आता वाटतं, इतकं नेमकं निदान कुणी केलं नसतं.

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 साली माणसाच्या कानाचं एक वागणं मोजून मांडलं. हळू आवाजात आपल्याला मधला भाग नीट ऐकू येतो. खर्ज आणि अगदी वरची टोकं कमी ऐकू येतात. आवाज वाढला की ही दोन्ही टोकं आपोआप पुढे येतात. म्हणजे रात्री हेडफोनवर मी जो बेस आणि जी ट्रेबल हौसेने वाढवली, ती मैदानातल्या आवाजात कित्येक पट अंगावर आली. आणि मध्यभाग, जिथे गिटार खरी राहते, तो मीच कापून टाकला होता.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. गिटार ॲम्पचा बारा इंची स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ काहीच देत नाही. तो अडाणी असतो म्हणून गोड लागतो. हॉलचे स्पीकर मात्र गायिकेच्या 'स'चा सुस्काराही ऐकवायला बनवलेले. त्यांच्यातून डिस्टॉर्शनची सगळी चिरचिर जशीच्या तशी बाहेर येते.

[दृश्य: स्पीकरची जाळी, समोर माइक. हात माइक हळूहळू सरकवतो.]

इथे जरा थांबू या, कारण टोनचं निम्मं काम इथेच होतं. मॉडेलरमधला 'कॅब', म्हणजे स्पीकरची पेटी, हा बहुतेक वेळा एक आयआर असतो, इम्पल्स रिस्पॉन्स. स्पीकरमधून ठरावीक सिग्नल सोडतात, माइक तो पकडतो, आणि त्या जोडीचा ठसा एका फाइलीत उतरतो. आवाजाच्या 2048 नोंदींची (सॅम्पल) फाइल, सेकंदाला 48 हजार नोंदी धरल्या तर, जेमतेम 43 मिलिसेकंदांची. पापणी लवायच्या आत संपते. पण टोनचा स्वभाव ठरतो तो तिच्यात.

पडद्यावर बघा. माइक स्पीकरच्या ऐन मध्यावर, त्या गोल टोपीसमोर आहे. आवाज कडक, टोचणारा. दोन बोटं बाजूला सरकवला. तीच गिटार, तोच कॉर्ड, पण टोच गेली. आणखी सरकवला की आवाज गोल होतो, मग मवाळ. माझ्या पेटीत हा माइक एका नॉबने सरकतो. महिनाभर मी गेन (आवाज किती फाटायचा ते ठरवणारा नॉब), ट्रेबल, प्रेझेन्स फिरवत बसलो, आणि या नॉबला हात लावला नाही.

आणि एक समजूत सोडावी लागते. खोलीत ॲम्पसमोर उभं राहिल्यावर पोटऱ्यांना हवा लागते, ती इथे मिळणार नाही. मॉडेलर ॲम्प ऐकवत नाही, माइक लावलेला ॲम्प ऐकवतो. आपण लहानपणापासून कॅसेटवर ऐकलेली जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रिक गिटार अशीच तर होती.

[दृश्य: पत्र्याची शेड. स्टँडवर एक पीए स्पीकर, हॉलमध्ये लावतात तसला.]

मग मी मित्राच्या वर्कशॉपमध्ये रविवारी एक पीए स्पीकर नेला. छातीच्या उंचीवर ठेवला, स्टेजइतका आवाज केला, आणि सगळे पॅच पुन्हा बनवले. सोबत फोनवरून बेस आणि ड्रमचा ट्रॅक. एकट्या गिटारला कौतुक करून घ्यायची सवय असते. ट्रॅक सुरू झाला की तिला आपली जागा कळते.

गिटारची सगळ्यात जाड तार 82 हर्ट्झची. त्याच भागात बेस गिटार आणि किक ड्रम बसलेले असतात. तिथे गर्दी केली की तिघंही बुडतात. म्हणून मी शंभरच्या आसपास खालून कापतो, वरून साडेसहा हजारांपाशी. आकडे पाठ करू नका. तुमची गिटार वेगळी, हॉल वेगळा. एकट्याने ऐकलं तर हा टोन डब्यातला वाटतो. बँडमध्ये तोच उभा राहतो.

गेन तर मी निम्म्यावर आणला. गेन वाढला की पिकचा फटकाच सपाट होतो आणि गिटार मागे सरकते. सोलोसाठी पूर्वी गेन वाढवायचो. आता तीन डेसिबल आवाज आणि हजार हर्ट्झपाशी थोडे मिड्स, म्हणजे तोच मध्यभाग.

क्लीन आणि डिस्टॉर्शनचे पॅच एका पातळीवर आणणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. मीटर बघून होत नाही, कानानेच करावं लागतं, आणि तेही मोठ्या आवाजातच. दुपार गेली त्यात.

डिजिटल आवाज उशिरा येतो असंही लोक म्हणतात. चांगल्या पेटीचा उशीर दोन-तीन मिलिसेकंद असतो. तेवढ्यात आवाज मीटरभर चालतो. ॲम्पपासून एक पाऊल मागे उभं राहिल्याएवढाच.

[दृश्य: पुन्हा नाट्यगृह. एक्सएलआर केबल पेटीला लागते. क्लिक.]

साडेपाच. साउंडवाले दादा आज दुसरे आहेत. मी आधीच सांगून टाकतो: एकच चॅनेल, मोनो. स्टीरिओची हौस मला एकदा महागात पडली आहे. मिक्सरवर फक्त डावी बाजू घेतली गेली आणि डिलेचे, म्हणजे प्रतिध्वनीचे, निम्मे ठोके कुणालाच ऐकू आले नाहीत. फॅन्टम पॉवर, म्हणजे मिक्सरमधून माइकला जाणारी वीज, बंद ठेवायला सांगतो. घूं असा हम येतोय, म्हणून ग्राउंड लिफ्टचं बटण दाबतो. गेला.

"दादा, सगळ्यात मोठा पॅच आधी देतो, मिक्सरचा गेन त्यावर लावा."

"दे."

मी सोलोचा पॅच वाजवतो. मग क्लीन. मग गायकाला गायला लावून ऱ्हिदम, कारण गायकाशिवाय घेतलेला साउंड चेक अर्धाच. दादांचा हात फेडरवरून निघतो आणि कीबोर्डच्या चॅनेलकडे जातो. माझ्या चॅनेलचं ईक्यू, म्हणजे खर्ज, मध्य आणि वरची धार कमीजास्त करायचे नॉब, त्यांनी सपाटच ठेवलंय.

[दृश्य: तिसरी घंटा. अंधार. प्रेक्षागृह भरलेलं.]

रिकाम्या हॉलमध्ये भिंती गात असतात. माणसं भरली की त्यांचे कपडे, त्यांची अंगं वरची धार शोषून घेतात. दुपारी नेमका वाटलेला आवाज आता किंचित झाकलेला आहे. पहिल्या गाण्याच्या मुखड्यानंतर गिटारला आठ मात्रा विश्रांती आहे. मी खाली वाकतो. पॅचला हात लावत नाही, ग्लोबल ईक्यू उघडतो, सगळ्या अठ्ठावीस गाण्यांना एकदमच लागू होईल असा. वरचा कट साडेसहावरून सात हजारांवर.

सहा, सात, आठ. पीस सुरू.