अंधार जरा जपून वापरा

नमस्कार. नव्या नाटककारांच्या ज्या संहिता माझ्याकडे वाचायला येतात, त्यांत एक शब्द हमखास भेटतो, तो म्हणजे 'अंधार'. पाऊण तासाच्या एकांकिकेत दहा-बारा प्रवेश असतात आणि प्रत्येकाच्या शेवटी कंसात हाच शब्द लिहिलेला असतो. ही सवय मालिका आणि चित्रपट पाहून लागते, कारण तिथे घरातून कचेरीत जायला एक कट पुरतो. रंगमंचावर मात्र त्या अंधारात कोणाला तरी टेबल हलवावे लागते, नटीला विंगेत धावत जाऊन साडी बदलावी लागते, आणि तेवढ्यात प्रेक्षागृहात खोकले सुरू होऊन मोबाइलही उजळतात. मोठ्या कष्टाने चढवलेला ताण असा दर वेळी उतरतो.

या दृष्टीने विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' पुन्हा वाचावे. 'रंगायन' या नाट्यसंस्थेने १९६७ मध्ये रंगमंचावर आणलेले हे तीन अंकी नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच हॉलमध्ये घडते. सुरुवातीलाच नायिका बेणारे बाईंचे बोट दाराच्या कडीत सापडते आणि ही कडी नीट सरकवली नाही तर माणूस आत कोंडला जातो, असे सामंत हा त्या गावातला माणूस सहज बोलून जातो. आपण ते ऐकतो आणि विसरतो. पुढे बाईंवरच चालवलेल्या अभिरूप, म्हणजे लुटुपुटूच्या, खटल्याचा खेळ अंगावर येऊ लागल्यावर बाई निघून जाण्यासाठी दाराशी येतात, तेव्हा दार उघडत नाही. 'हे पात्र उठून निघून का जात नाही?' हा प्रश्न प्रत्येक नाटककाराला छळतो. तेंडुलकरांनी तो एका कडीवर सोडवला.

पात्राला बाहेर पाठवायचेच असेल, तर जाण्याचे सबळ कारण द्यावे. 'मी चहा टाकते' या वाक्यातून स्वयंपाकघर कोणत्या विंगेत आहे एवढेच कळते.

रंगसूचनांविषयी थोडक्यात सांगतो. 'तिच्या मनात आठवणी दाटून येतात' हे नटीला करून दाखवता येत नाही. 'ती पत्र न वाचताच घडी घालून ठेवते' हे येते.

संहिता पूर्ण झाल्यावर घड्याळ लावून तिचे वाचन करावे, पण भूमिका चार जणांना वाटून द्याव्यात, कारण लेखक स्वतः वाचताना पडके वाक्यही आवाजाने सावरून घेतो. वाचणारे जिथे अडखळतील तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि वाचन संपेपर्यंत काहीही समजावून सांगू नये.