कढईनंतर

(दृश्य: जळगाव. मे महिना, संध्याकाळचे सात. हातगाडीवर मिरचीची भजी तळली जात आहेत.)

भजी तळायचं तेल दीडशे अंशांच्या वर तापलेलं असतं. आजार पसरवणारे बहुतेक जंतू त्यात टिकत नाहीत. कढईतून नुकतं निघालेलं भजं हे या गाडीवरचं सर्वांत निर्धोक अन्न. धोका सुरू होतो तो त्याच्यानंतर.

गाडीखाली दोन बादल्या आहेत. एकीत प्लेटा बुडवून काढायच्या, दुसरीत हात. गर्दी वाढली की दोन्ही कामं एकाच बादलीत होतात. खांद्यावरच्या फडक्याने हात पुसले जातात, त्यानेच प्लेट, त्यानेच गाडीचा पत्रा. आणि त्या स्टीलच्या डब्यातली हिरवी चटणी बघा. कच्ची कोथिंबीर, मिरची, मीठ आणि पाणी. ती दुपारी वाटलेली आहे आणि तिला कुठेही आच लागलेली नाही.

हे पाणी सकाळी घरच्या ड्रममधून कॅनमध्ये भरून आणलेलं. खान्देशातल्या कित्येक वस्त्यांत नळ रोज येत नाही. येईल तेव्हा भरून ठेवायचं आणि पुरवायचं. ड्रमात हात घालून तांब्या बुडवला की हाताला असेल ते पाण्यात उतरतं.

ई. कोलाय हा माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहणारा जिवाणू. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी, काही मात्र जुलाब-उलट्यांनी हैराण करणारे. तो अन्नात सापडला, की विष्ठेचा अंश तिथवर पोचलाय असं धरून चालायचं. 37 अंशांच्या आसपास, पोषण मिळालं तर, तो साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. सहा तासांत एकाचे अडीच लाखांवर. जळगाव-भुसावळची मे महिन्यातली दुपार त्याला छान मानवते. बर्फ घातला म्हणून तो मरत नाही. थंडीत त्याची वाढ थांबते, एवढंच.

(दृश्य: प्रयोगशाळा. काचेची बशी.)

चटणीचा नमुना जंतू वाढवायच्या मॅककाँकी नावाच्या माध्यमावर पसरवला, की त्यात असलेल्या ई. कोलायचे गुलाबी ठिपके उमटतात. त्यातला एक ठिपका उचलून दुसऱ्या बशीत पसरवायचा, वर प्रतिजैविकांच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि रात्रभर उबेत ठेवायचं. सकाळी काही चकत्यांभोवती स्वच्छ कडं दिसतं, म्हणजे औषध लागू पडलं. काही चकत्यांना मात्र जंतूंची साय थेट काठापर्यंत येऊन भिडलेली असते. ते औषध त्या जंतूवर चालत नाही.

असा जंतू पोटात गेला तर लगेच आजारी पाडेलच असं नाही, आणि म्हणूनच तो जास्त घातक वाटतो. तो आतड्यात मुकाट राहतो. औषधाला दाद न देण्याची जनुकं बऱ्याचदा प्लाझ्मिड नावाच्या छोट्या गोल डीएनएवर असतात. शेजारच्या जंतूला तो त्याची नक्कल देऊन टाकतो, शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी. पुढे कधी घरातल्या आजींना लघवीला जळजळ होते, ताप भरतो, नेहमीची गोळी चालू होते आणि उतार पडत नाही. तेव्हा त्या चटणीची आठवण कोणाला असणार?

हे बळ जंतूंना गाडीवाल्याने दिलेलं नाही. ते आपण दिलंय.

"पोट बिघडेल शे भो, गोयी दे." मेडिकलवर हे वाक्य रोज ऐकू येतं. पट्टीतून दोन गोळ्या कापून मिळतात. साध्या जुलाबाला बहुतेक वेळा प्रतिजैविक लागतच नाही. लागते ती ओआरएसची पुडी, आणि लहान मुलांना जोडीला झिंक. रक्त पडत असेल, ताप उतरत नसेल, तर डॉक्टर. पण दोन गोळ्या पोटात जातात, कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात. औषधाचा बराच अंश लघवीवाटे न बदलता बाहेर पडतो, तो गटारात, गटारातून नदीत. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने 1945 च्या नोबेल व्याख्यानातच सांगितलं होतं की, अपुऱ्या मात्रेने जंतू पेनिसिलिनला सरावतील. भारतात 2014 पासून शेड्यूल एच-वन लागू आहे. त्या यादीतली प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, विक्रीची वेगळी वही ठेवावी लागते. नियम आहे. 2019 या एकाच वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंच्या संसर्गाने दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

(दृश्य: पुन्हा गाडी. पाणीपुरीचा माठ.)

गावाकडे ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकते आणि आरोग्यसेवक क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट करतो. पाणी पिवळसर झालं की क्लोरीन शिल्लक आहे. माठातल्या पाण्यालाही हेच लागतं, पण क्रम सांभाळायला हवा. आधी साध्या पाण्यात मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचे थेंब, अर्धा तास थांबायचं, मग पुदिना, चिंच, मसाला. मसाल्यानंतर टाकलेलं क्लोरीन त्या पाल्यातच खर्ची पडतं. चटणी एकदम न वाटता दोनदा थोडी थोडी वाटावी, आणि सुट्टे पैसे घेणारा हात वेगळा असावा.

एवढं गाडीवाला करू शकतो, सांगितलं तर करतोही. वाहतं पाणी मात्र तो कुठून आणणार? पथविक्रेत्यांचा कायदा 2014 चा आहे, हॉकर्स झोन त्यानुसारच आखायचे असतात. तिथे पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची नाली ही पालिकेची जबाबदारी समजली गेली पाहिजे. पुढच्या वेळी नगरसेवक प्रचाराला गाडीपाशी थांबले, की त्यांना तेवढं विचारा.