कव्हरवरचं नाव आणि जात्याचा फोटो

नमस्कार मंडळी, मागे आवाज येतोय ना? बरं. फोटोशॉपमध्ये कुठलं टूल कुठे असतं, कुठलं बटण काय करतं हे तुम्हाला व्हिडिओ बघून दोन दिवसांत येईल, त्यात मी वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते नावाबद्दल. आपण मराठी गाण्यांच्या अल्बमची कव्हरं, म्हणजे वरची चित्रं, करताना फोटोवर आठवडा घालवतो आणि नाव शेवटच्या दहा मिनिटांत टाइप करून टाकतो, आणि कव्हर तिथेच पडतं. बारा-तेरा वर्षं हेच काम करतोय, भजनी मंडळं, पोवाडे, नवीन मुलामुलींचे बँड, सगळ्यांची कव्हरं केलीत, म्हणून जरा हक्काने बोलतोय.

आधी थोडं मागे जाऊ. अल्बम हा शब्द कुठून आला माहितीये? 78 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीवर एका बाजूला तीन-चार मिनिटंच मावायची, मग मोठी रचना असली की चार-पाच तबकड्या लागायच्या आणि त्या फोटोच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकायच्या, म्हणून अल्बम. वरून ती वही बहुतेक वेळा साधीच असायची, एका रंगाची. अमेरिकेत कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये ॲलेक्स स्टाइनवाइस नावाचा विशीतला पोरगा होता, त्याने 1940 च्या सुमारास यावर चित्र काढायला सुरुवात केली आणि तिथून कव्हर ही गोष्टच बदलली. पुढे एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी तबकडी आली, बारा इंचाचा चौकोन, भिंतीवर लावावं असं कव्हर. मग कॅसेट, आपल्याकडे तर घराघरात कॅसेटच, तिचं कव्हर तळहाताएवढंही नाही. मग सीडी, 12 सेंटिमीटर. आणि आता मोबाइलवर गाण्यांच्या यादीत जे दिसतं ते अंगठ्याच्या नखाएवढं! फाइल मात्र गाण्यांची ॲपवाली मंडळी साधारण 3000 बाय 3000 पिक्सेलची मागतात.

म्हणून माझी एक सवय आहे. फाइल 3000 ची उघडायची आणि शेजारी त्याच फाइलची दुसरी विंडो लावून ठेवायची, अगदी कमी झूमवर, नखाएवढी दिसेल अशी, आणि काम करताना अधूनमधून डोळा तिकडे टाकायचा. तिथे नाव वाचता येत नसेल तर मोठ्या विंडोत कितीही देखणं दिसू दे, बदलायचं.

आता एक काम जवळून दाखवतो. माझ्या आजोळच्या सहा-सात बायकांच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही रेकॉर्ड केल्या, मोठं काही नाही, घरच्या घरी. (ओव्या ऐकायच्या असतील तर अभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी आपल्या लोकांबरोबर गावोगाव फिरून गोळा केलेल्या लाखाहून जास्त ओव्या आहेत, पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, यांच्या साइटवर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात, जरूर ऐका.) अल्बमचं नाव ठेवलं पहिली वैरण. वैरण म्हणजे जात्याच्या तोंडात मूठमूठ दाणे घालतात ना, ती.

कव्हरसाठी जात्याचे फोटो नेटवर ढिगाने मिळतात, पण मी म्हटलं आपलंच जातं घ्यायचं. 1975 साली पिंक फ्लॉइड या इंग्रजी बँडच्या कव्हरसाठी हिप्नोसिस या कव्हरं करणाऱ्या मंडळींनी खरोखर एका स्टंटमनला पेटवून हस्तांदोलन करतानाचा फोटो काढला होता, फोटोशॉप यायला अजून पंधरा वर्षं होती, आणि ते कव्हर बघताना आजही अंगावर येतं कारण ती आग खरी आहे. आपल्याला कोणाला पेटवायचं नाहीये, पण पीठ खरं पाहिजे, हात खरा पाहिजे. तर पहाटे साडेपाचला मामीला दळायला बसवलं, ज्वारी होती, दाराकडून एका बाजूने उजेड, आणि मी वर स्टुलावर उभा राहून सरळ खाली कॅमेरा धरला. वरून जातं गोल दिसतं, चौकोनात गोल एकदम छान बसतो, खुंटा एका कोपऱ्यात आणि खुंट्यावर दोन हात.

एडिटिंग म्हणाल तर फार नाही. कर्व्हजचा, म्हणजे उजेड-अंधार कमीजास्त करणारा, एक ॲडजस्टमेंट लेयर, सावल्या थोड्या खाली ओढल्या, त्याला मास्क लावून हातांवरून मऊ ब्रशने पुसून घेतला म्हणजे हात उजळच राहिले. डॉज-बर्न, म्हणजे कुठे उजळ कुठे गडद करणं, वेगळ्या राखाडी लेयरवर, मोड ओव्हरले, मूळ फोटोला धक्का नाही. पीठ बाजूला उडालेलं होतं ते कोणीतरी क्लोन करून, म्हणजे शेजारचा भाग वर उमटवून, साफ कर म्हणालं, मी नाही केलं, ते पीठच तर चित्र आहे. रंग जरा उतरवले आणि अगदी थोडा ग्रेन, जुन्या फोटोसारखा दाणेदारपणा.

आणि मग नाव टाइप केलं, पहिली वैरण, आणि स्क्रीनवर काय आलं तर ह वरची वेलांटी ह च्या पुढे जाऊन बसलेली. हे तुमच्यातल्या निम्म्या लोकांना झालं असेल आणि मग तुम्ही जुना बिगर-युनिकोड फॉन्ट शोधत बसला असाल. तसं करू नका. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइपमध्ये जा, तिथे वर्ल्ड-रेडी लेआउट असतं, जुन्या व्हर्जनमध्ये त्याला मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन म्हणायचे, ते निवडा, सॉफ्टवेअर बंद करून उघडा. आधीच्या टेक्स्ट लेयरला पॅराग्राफ पॅनलच्या मेन्यूतून वेगळं लावावं लागतं, तिथे लोक अडकतात. वेलांटी, रफार, जोडाक्षरं जागेवर येतात. ज्यांना फोटोशॉप परवडत नाही त्यांनी गिम्प वापरा, फुकट आहे आणि देवनागरी नीट दाखवतं.

पुढचा घोळ ट्रॅकिंगचा. इंग्रजी कव्हरांवर अक्षरं लांब लांब ठेवतात, रुबाबदार दिसतं, म्हणून आपणही ट्रॅकिंग शंभर-दोनशे करतो, आणि आपली शिरोरेषा तुटते. प, हि, ली, प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळा तुकडा! नखाएवढं केलं की ते तुकडे दातांसारखे दिसतात. शिरोरेषा म्हणजे शब्दाला धरून ठेवणारी दोरी आहे हो, ती अशी कापायची नाही. रुंदी हवी असेल तर रुंद वळणाचा फॉन्ट घ्या, नाहीतर अक्षरांचे शेप, म्हणजे टाइप न राहता नुसते आकार, करून घ्या, हवी तेवढी लांब ठेवा आणि मधली शिरोरेषा पेन टूलने हाताने जोडा, अर्धा तास लागतो पण नाव एकसंध राहतं.

आणि ल बघा. पुष्कळ फॉन्टमध्ये ल हिंदी वळणाचा येतो, दंडाला चिकटलेला. आपला ल पाकळीचा, आपला श देठाचा, 2009 च्या शासन निर्णयातही तेच वळण धरलंय. मुक्तासारखा चांगला फॉन्ट असेल तर आत दोन्ही वळणं असतात, कॅरेक्टर पॅनलमध्ये भाषा मराठी करून बघा, नाहीतर ग्लिफ्स पॅनलमधून, जिथे फॉन्टमधले सगळे आकार दिसतात, आपला ल उचला. मला सांगा, ओव्यांच्या अल्बमवर पहिलीतला लीच परका दिसला तर कसं चालेल?

अक्षरकार कमल शेडगे 2020 मध्ये गेले, त्यांनी नाटकांची नावं लिहिली ती पेपरातल्या जाहिरातीत बोटभर जागेत यायची आणि तरी नाटक कसलं आहे ते अक्षरावरून कळायचं. ती कात्रणं काढून बघा, कोर्सपेक्षा जास्त शिकाल. मी शेवटी पहिली वैरण फॉन्टमध्ये ठेवलंच नाही, बोरूने कागदावर लिहिलं, वीस-पंचवीस वेळा, स्कॅन केलं, लेव्हल्स ताणून काळं-पांढरं केलं, उलटं करून स्क्रीन मोडवर जात्याच्या काळ्या दगडावर ठेवलं, आणि वर खऱ्या पिठाचा फोटो टेक्श्चर म्हणून मल्टिप्लाय मोडवर त्या अक्षरांना क्लिप केला. आता नाव पिठातच बोटाने लिहिल्यासारखं दिसतं, आणि नखाएवढं केलं तरी वाचता येतं, कारण काळ्यावर पांढरं.

छपाईचं एक सांगतो, सीडी अजून वाटतात लोक, लग्नात, सप्ताहात. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी टेक्स्ट लेयर तसाच ठेवून फाइल पाठवली, प्रेसच्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता, दुसरा लागला, आणि कीर्तनातला रफार उडून 500 कव्हरं छापून आली. बुवा काही बोलले नाहीत, कव्हर हातात घेऊन बघत राहिले, ते मला अजून दिसतं. तेव्हापासून फाइल बाहेर जायच्या आधी अक्षरांचे शेप, चारी बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा जागा, आणि छपाईसाठी सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे रंग. मोबाइलसाठीची वेगळी कॉपी, एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, तिच्यावर फोन नंबर किंवा वेबसाइट टाकू नका, गाण्यांचे ॲपवाले परत पाठवतात.

बरं, फाइल आणलीये मी, उघडतो. सगळ्यात वर पिठाचा लेयर आहे, आधी तो बंद करतो म्हणजे खालचं बोरूचं अक्षर दिसेल. मागचे लाइट जरा घालवा.